‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि संगणकीय पाठभेद

लेखनिकांच्या हस्तदोषांचा विचार पाठचिकित्सेत पुष्कळ झाला आहे. संगणकीय संकेतनातून उद्भवणारे पाठभेद मात्र तंत्रज्ञांवर सोपवले जातात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न, अक्षर कशाला म्हणावे हा, भाषाविचाराचाच आहे.

१९९० च्या दशकातील बहुतेक मराठी फाँटांत संकेतांक वर्णाला नव्हे, आकाराला दिलेला असे. काना, वेलांटी, अर्धा ‘त’ हे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ होती. १९९१ च्या ‘इस्की’ मानकाने (आयएस १३१९४) याउलट वर्ण उच्चारक्रमाने नोंदवले : ‘कि’मधील वेलांटी दिसते आधी, साठवली जाते ‘क’नंतर. इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर युनिकोडचा देवनागरी तक्ता बेतला गेला.

केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात. संकेतस्थळाच्या प्रणालीने ते चुकीच्या तक्त्याने वाचले, तर विचित्र चिन्हे उमटतात. पण बाइट शाबूत असल्याने मूळ पाठ परत मिळवता येतो. देवनागरीला जागाच नसलेल्या तक्त्यात तो मजकूर बदलून साठवला, तर उरतात नुसती प्रश्नचिन्हे. पोथीला कसर लागावी तसाच हा लोप, आणि तितकाच कायमचा.

याहून सूक्ष्म प्रकरण ‘र’चे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या; हा भेद हिंदीच्या लेखनाला लागत नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ’ नोंदला गेला तो द्राविडी भाषांतील एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी. त्यालाच हलन्त चिन्ह जोडून मराठी ‘ऱ्य’मधील अर्धा आकार मिळवण्याची इस्कीची रीत तेथेही स्वीकारली गेली. मराठीला आपले अक्षर असे परक्या नोंदीखाली मिळाले! शिवाय साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतूनही तोच आकार साधतो; युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही रीत पुढेही मान्य राहिली. परिणामी पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन ‘दऱ्या’ यंत्राला दोन शब्द वाटतात. विशेष तरतूद नसेल, तर एकाचा शोध घेताना दुसरा सापडत नाही आणि एखाद्या कवीची शब्दसूची अशा फायलींवरून केल्यास ती चुकते. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये, त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र जोडून लिहिलेले शब्द युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही त्याच्याशी एकरूप होत नाहीत.