शिशाच्या ओळंब्याची कुळकथा

माढ्याच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, यात कोणास औद्धत्य वाटेल. परंतु बार्शी ओलांडून तेरणाकाठी गेले की जे तेर लागते, तेच इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथातील तगर होय, असे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने १९०१ साली साधार दाखविले, आणि त्या तगरचे कापड बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांनी भडोच बंदरात जात असे. ज्या गलबतांच्या हवाली आपल्या मुलखाचा माल होता, ती किनाऱ्याशी येताना स्वतःस कशी सांभाळीत, ही चौकशी मग परकी राहत नाही.

भडोचचा किनारा सखल, नर्मदेचे मुख दुरून न दिसणारे, भरतीचा लोंढा जबरदस्त, आणि तळच्या खडकांवर नांगरांचे दोर कापले जात. ताऱ्यांच्या उंचीवरून उत्तर-दक्षिण स्थान अजमावता येई. पूर्वेकडे जमीन किती दूर उरली, हे मात्र अठराव्या शतकात इंग्रज घड्याळजी हॅरिसनचे सागरी घड्याळ सिद्ध होईपर्यंत केवळ अंदाजाचे काम होते, आणि नैर्ऋत्येचा वारा तर पाठीमागून किनाऱ्याकडेच लोटीत असे.

अशा वेळी आधार शिशाच्या ओळंब्याचा. गवंडी तो भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी सोडतो. खलाशी तो पाणी किती वाव (म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या लांबीची मापे) खोल आहे हे कळण्यासाठी सोडी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहितो की, मिसरच्या किनाऱ्यापासून एका दिवसाच्या अंतरावर ओळंबा टाकला तर अकरा वावांवर गाळ वर येतो. गाळ वर येतो, कारण तो ओळंब्याला चिकटतो. पुढे शिशाच्या बुडाशी खळगा ठेवून त्यात चरबी भरण्याची रीत रूढ झाली, म्हणजे तळाची वाळू, चिखल वा शिंपांचा चुरा हाती येई, आणि खोली सारखी असूनही जागा निराळी असल्याचे त्यावरून ताडता येई. इंग्रजी जहाजांच्या दोरीला दोन व तीन वावांवर चामड्याच्या पट्ट्या, पाचांवर पांढरे सुती कापड, सातांवर तांबडे लोकरी आणि दहांवर भोक पाडलेले चामडे बांधीत. पोत वेगवेगळे असल्यामुळे मिट्ट काळोखातही खूण बोटांना कळे. मला ही योजना होकायंत्राहून अधिक बुद्धिमान वाटते.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची एक मेहेरबानी अशी की मुंबईसमोर समुद्रतळ फार दूरवर उथळ आहे, त्यामुळे जमीन दिसण्यापूर्वीच ओळंबा तळास टेके. तत्पूर्वीची वर्दी समुद्रसर्प देत. ‘पेरिप्लस’मध्ये ही खूण नोंदलेली आहे, आणि १७६३ साली मुंबईस आलेल्या कार्स्टेन नीबूर या प्रवाशानेही तिचा उल्लेख केला आहे. संशय उरला तर शिडे कमी करून समुद्राकडे तोंड फिरवावे व पहाटेची वाट पाहावी. भडोचच्या मुखाशी तर राजाच्या चाकरीतले कोळीच आपल्या मोठ्या होड्यांतून सौराष्ट्रापर्यंत सामोरे जाऊन परदेशी जहाजे ओढीत आणीत, म्हणजे वाटाड्याची सरकारी तजवीज तेव्हाही होती.

वाचकाने सवड काढून तेरचे लामतुरे वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. तेथील रोमन वळणाच्या वस्तूंवरून हा व्यापार खरोखर चालत होता याची खात्री पटते.