पैठणचा पट्टेरी खडा

गेल्या वर्षी गणपतीला घरी आलेल्या एका सहकाऱ्याने माझ्या टेबलावरचा खडा उचलून विचारले, हा आपल्याच खडीतला का? मी म्हटले, म्हैसूरच्या खडीत असा खडा सापडायचा नाही. कारण सांगता सांगता चहा गार झाला. तेच येथे थोडक्यात लिहितो. मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळाखालची खडी तपासणारा माणूस आहे.

हा खडा आजोबांना पैठणजवळच्या शेतात नांगरताना मिळाला. पांढरे, करडे, तपकिरी पट्टे, एकात एक. याचे नाव अकीक. आमच्या घरी मात्र नुसती गारगोटी.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि काळ्या दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले. त्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतींवर अतिसूक्ष्म तंतूंच्या रूपाने बसत गेली, बाहेरून आत, थरावर थर. लोहाच्या अंशाने रंग आले. पट्टे नेमके कसे पडतात, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. कालांतराने काळा दगड झिजून त्याची माती झाली. कठीण अकीक मात्र शेतात आणि नदीपात्रात शिल्लक राहिला.

म्हैसूरचे खडक वेगळे. येथला नाइस खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, जमिनीच्या पोटात खोलवर घडलेला. त्यात लाव्हारसाचे बुडबुडे कुठून असणार?

या खड्यांचा व्यापारही जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे नाव येते. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर असून तेथून ऑनिक्स, म्हणजे अकीकाचाच भाऊबंद, गाड्या भरभरून भडोचला येतो, तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून, अशी नोंद आहे. पुढे समुद्रमार्गे हा माल पश्चिमेकडे जाई. रोमन लोकांना अशा पट्टेरी दगडांवरील कोरीव काम फार प्रिय होते. मालवाहतुकीशी रोजचा संबंध असल्याने मला त्या बैलांचे आणि गाडीवानांचे मोठे कौतुक वाटते.

आजोबांचे ते शेत १९७० च्या दशकात नाथसागराच्या पाण्याखाली गेले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. वडिलांनी घर हलवताना हा खडा बरोबर आणला. माझी मुलगी म्हैसुरात जन्मली, वाढली. शाळेत मूळ गाव लिहायचे होते, तेव्हा तिने विचारले, "बाबा, आपले गाव कसे दिसते?" मला सांगता येईना. मी हा खडा तिच्या हातात दिला आणि वर लिहिले तेवढे सांगितले.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते. येत्या मे महिन्यात तिला घेऊन त्या काठावर जायचे ठरवले आहे.