सपोर्टरच्या कुळातली

१९७७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन या गावी, पॉली स्मिथ नावाच्या वेशभूषाकार बाईने पुरुषांचे दोन सपोर्टर उसवून एकमेकांना जोडले. कमरेचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा छातीखाली आला, मांड्यांमागून जाणारे पट्टे पाठीवर फुली मारून खांद्यांवर चढले आणि पुढच्या दोन खोळी जिथे हव्या होत्या तिथे बसल्या. आज दुकानात लेसच्या ब्राशेजारी टांगलेली स्पोर्ट्स ब्रा ही या जोडकामाची लेक आहे. शेजारणीशी तिचं नातं आहे, पण ते सासरकडचं. माहेर क्रीडासाहित्याचं. विकत घेताना हे माहेर ध्यानात ठेवलं तर फसगत बरीच टळते, असं माझं मत आहे.

तर आधी माहेर. १८७४ मध्ये शिकागोच्या शार्प अँड स्मिथ या क्रीडासाहित्याच्या कंपनीसाठी सी. एफ. बेनेट याने पहिला सपोर्टर बनवला. गिऱ्हाईक होते बॉस्टनचे सायकलस्वार. तिथल्या दगड बसवलेल्या रस्त्यांवर सायकल हाकताना जे हाल होत, त्यावर हा इलाज. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादांना यात नवल वाटलं नसतं. लंगोटाने तो प्रश्न केव्हाच सोडवला होता. पुढे १९३५ मध्ये शिकागोतच ‘जॉकी’ नावाची पुरुषांची चड्डी बाजारात आली. सपोर्टरला इंग्रजीत ‘जॉकस्ट्रॅप’ म्हणतात, त्याची आठवण करून देणारं नाव तिला मुद्दाम दिलं होतं, म्हणजे आधार मिळणार हे गिऱ्हाइकाला न सांगता कळावं. आपल्याकडे तालुक्याच्या गावातसुद्धा मुली त्याच नावाची स्पोर्ट्स ब्रा मागतात. म्हणजे बॉस्टनचे दगडी रस्ते आपल्या कपाटापर्यंत दोन वाटांनी आले.

सासर मात्र वेगळ्या वळणाचं. युरोप-अमेरिकेतल्या बायका एकोणिसाव्या शतकात खेळायला उतरल्या त्या कॉर्सेट आवळूनच. विम्बल्डनमध्ये दुहेरी सामन्यांचा विक्रम करणारी एलिझाबेथ रायन हिने पहिल्या महायुद्धाआधीच्या टेनिसची एक आठवण सांगून ठेवली आहे: खेळाडूंच्या खोलीत विस्तवाजवळ कॉर्सेट वाळत टाकलेले असत आणि त्यांतल्या बहुतेकांवर रक्ताचे डाग असत. १९१९ मध्ये सुझान लांग्लेन विम्बल्डनला कॉर्सेटशिवाय, आखूड झग्यात उतरली आणि जिंकली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. तिच्या प्रतिस्पर्धिनींना मात्र हेवा वाटला असणार.

त्याआधीच, १९१४ मध्ये, न्यू यॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिने ब्रेसियरचं पेटंट मिळवलं होतं. नाचाच्या समारंभाला जाताना कॉर्सेटच्या काड्या तलम झग्यातून वर येत होत्या, म्हणून तिने दोन रेशमी रुमाल आणि गुलाबी फीत जोडून काम भागवलं. पुढे ते पेटंट तिने वॉर्नर कंपनीला १,५०० डॉलरला विकलं. ही ब्रा निघाली ती झगा नीट दिसावा म्हणून. पुढची साठ वर्षं तिच्यात सुधारणा झाल्या त्याही बहुतेक दिसण्याच्याच: कधी टोकदार, कधी गोल, कधी उचललेली. बाई धावेल, उडी मारेल, हा विचार त्यात जवळजवळ नव्हता. अपवाद सांगायचा तर १९७५ मध्ये ग्लॅमराइज कंपनीने टेनिससाठी म्हणून एक ब्रा आणली होती.

खरं तर हा विचार कधीच कोणी केला नव्हता असं नाही. सिसिली बेटावर प्यात्सा आर्मेरीना गावाजवळ चौथ्या शतकातला एक रोमन वाडा आहे. त्याच्या एका दालनातल्या जमिनीवर रंगीत खड्यांची चित्रं आहेत. व्यायाम करणाऱ्या तरुणी: कोणी हातात वजनं घेतलेली, कोणी थाळी फेकणारी, कोणी धावणारी. प्रत्येकीच्या छातीवर आडवी कापडी पट्टी घट्ट गुंडाळलेली आहे. पर्यटक त्यांना ‘बिकिनीवाल्या’ म्हणतात, पण त्या समुद्रावर आलेल्या नाहीत, तालमीत आलेल्या आहेत. आपल्याकडची पुढे गाठ मारायची चोळीही छातीखाली आवळूनच बसते, आणि तीच घालून बायका पिढ्यानपिढ्या भातलावणी करत आल्या, जात्यावर दळत आल्या. या पट्टीतून किंवा त्या गाठीतून स्पोर्ट्स ब्रा जन्मली, असा वंशवृक्ष मात्र मी काढणार नाही. तो धागा मध्येच तुटलेला आहे.

आता १९७० चं दशक. १९६७ मध्ये कॅथरिन स्वित्झर बॉस्टन मॅरेथॉनमध्ये क्रमांक लावून धावली, तर एका आयोजकाने भर रस्त्यात तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्याच शर्यतीने १९७२ मध्ये बायकांना अधिकृत प्रवेश दिला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींबाबत भेदभाव करायला त्याने मनाई केली आणि शाळा-कॉलेजांची मैदानं मुलींसाठी उघडली. १९७७ पर्यंत जॉगिंगचं वेड शिगेला पोचलं होतं. बायका धावत होत्या, पण छातीवर काय घालून? एकावर एक दोन ब्रा, नाहीतर मापाने लहान ब्रा, नाहीतर क्रेप बँडेज.

लिसा लिंडाल ही त्यांतलीच एक. तिला लहानपणापासून अपस्मार होता. केव्हा दगा देईल याचा नेम नसलेलं शरीर आपल्या कह्यात आहे असं तिला धावताना वाटे, आणि म्हणून आठवड्याला तीसेक मैल ती पळायची. तिच्या बहिणीनेही पळायला सुरुवात केली होती. एके दिवशी बहिणीने फोनवर विचारलं, की पुरुषांना सपोर्टर असतो तसा आपल्याला का नसावा? दोघी पोट धरून हसल्या. पण फोन ठेवल्यावर लिसाने कागद घेतला आणि अशा वस्तूत काय काय हवं ते लिहून काढलं: खांद्यावरून पट्टे घसरू नयेत, हूक आणि शिवणी अंगाला घासू नयेत, छाती शरीराशी धरून ठेवावी, आणि उकडायला लागलं तर पुरुषांसारखा शर्ट काढून तसंच पळता यावं. हा शेवटचा मुद्दा मला फार आवडतो.

पॉली ही तिची बालमैत्रीण. विद्यापीठातल्या शेक्सपिअर महोत्सवाचे कपडे शिवायला ती त्या उन्हाळ्यात बर्लिंग्टनला आली होती. हिंडा श्राइबर तिची मदतनीस होती. पॉलीने बरेच नमुने शिवून पाहिले, पण काही जमेना. अशात लिसाच्या नवऱ्याने थट्टेत स्वतःचा सपोर्टर छातीवर चढवून दाखवला आणि गाडी रुळावर आली. मग चाचणी: नवा नमुना घालून लिसा धावायची आणि हिंडा तिच्यापुढे उलट्या पावलांनी पळत छाती किती हलते ते बघायची. प्रयोगशाळा एवढीच.

पहिलं नाव सपोर्टरच्या इंग्रजी नावावरूनच ‘जॉकब्रा’ ठेवलं होतं. ते कानाला खटकतं असं ठरलं आणि ‘जॉगब्रा’ झालं. ‘अ‍ॅथलेटिक ब्रेसियर’ या नावाने तिघींना २० नोव्हेंबर १९७९ रोजी पेटंट मिळालं. धंदा सुरू करायला हिंडाच्या वडिलांनी ५,००० डॉलर उसने दिले होते. किंमत ठेवली १६ डॉलर. पण या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय किमतीचा नव्हताच. ही वस्तू अंतर्वस्त्रांच्या दुकानात ठेवायची नाही, बुटांच्या आणि रॅकेटच्या शेजारी, खेळाच्या दुकानात ठेवायची, यावर त्या अडून बसल्या. तिथले पुरुष दुकानदार सुरुवातीला अवघडले. ब्रा? इथे? मग माल उठायला लागला आणि अवघडलेपणही ओसरलं. १९९० मध्ये त्यांची कंपनी प्लेटेक्सने विकत घेतली, म्हणजे खेळाच्या दुकानातून निघालेली लेक अखेर अंतर्वस्त्रांच्या घरात गेली. हिंडा पुढे व्हरमाँटच्या विधिमंडळात सिनेटर झाली. पॉली जिम हेन्सनकडे गेली आणि मपेट बाहुल्यांचे कपडे करू लागली. २०२२ मध्ये तिघींची नावं अमेरिकेच्या संशोधकांच्या सन्मान-दालनात लागली.

छाती हलते म्हणजे नेमकं काय होतं, याकडे विज्ञान उशिरा वळलं. स्तनात स्नायू नसतात. त्यांना धरून ठेवते ती वरची त्वचा आणि आतले नाजूक तंतू. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते कूपरचे बंध. ते ताणले की ताणलेच, व्यायामाने पूर्ववत होत नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्टीन हेकॉक या न्यू जर्सीच्या शल्यविशारद बाईने ट्रेडमिलवर धावणाऱ्या खेळाडूंचं चित्रण केलं. इंग्लंडच्या पोर्टस्मथ विद्यापीठात जोआना स्कर यांच्या गटाने पुढे दाखवलं, की धावताना स्तन नुसते खालीवर होत नाहीत, तिन्ही दिशांना हलतात, इंग्रजी आठाचा आकडा काढल्यासारखे. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या १,२८५ धावपटू स्त्रियांना या गटाने प्रश्न विचारले, तर जवळपास एकतृतीयांश जणींनी स्तनदुखी असल्याचं सांगितलं. त्याहून मला लागली ती २०१६ ची पाहणी. त्यातल्या दोन हजारांवर शाळकरी मुलींपैकी ४६ टक्के म्हणाल्या, की छातीमुळे आमच्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. आपल्या शाळांत पी.टी.च्या तासाला भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या आठवी-नववीच्या मुली आठवा. कारण कोणी विचारत नाही, आणि त्या सांगत नाहीत.

इथे माहेर आणि सासर पुन्हा भेटतात, कारण आज दुकानात मिळतात त्या स्पोर्ट्स ब्रा या दोन घराण्यांच्या आहेत. एक जॉगब्राच्या वळणाची: डोक्यातून घालायची, वेगळे कप नसलेली, दोन्ही स्तन एकत्र दाबून छातीशी धरणारी. लहान बांध्याला, योगासनांना, चालायला ही पुरते. दुसरी ब्रेसियरकडून आलेली: प्रत्येक स्तनाला स्वतंत्र कप, पाठीला किंवा पुढे हूक, खांद्याला कमीजास्त करता येणारे पट्टे. भरल्या बांध्याला आणि पळायला, दोरीवरच्या उड्यांना, झुंबाला ही हवी, किंवा जिच्यात कपही आहेत आणि दाबही आहे अशी मिश्र. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या रेनेल ब्राटेन हिला व्हॉलीबॉल खेळताना जॉगब्राच्या वळणाचं काहीच पुरेना, तेव्हा तिने पुढे हुकांची रांग असलेली ‘एनेल’ ब्रा काढली. मोठ्या मापाच्या बायकांना तोवर फारसं कोणी हिशेबात धरलं नव्हतं.

आधाराचा बहुतेक भार छातीखालचा पट्टा उचलतो, खांद्याच्या पट्ट्या नव्हेत. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टा सैल आहे. हात वर केल्यावर पट्टा वर सरकला तरी सैलच. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच जागा असावी. काखेतून किंवा वरून मांस बाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. आणि ट्रायल रूममध्ये लाज न बाळगता दहा उड्या माराव्यात, दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघावेत, खोल श्वास घ्यावा. क्रीडासाहित्य आहे ते. बॅट घेताना कोणी ती न उचलता घेत नाही.

आपल्या दुकानांत अडचण इथेच होते. काउंटरवर आपण ‘चौतीस’ म्हणतो आणि खोका पुढे येतो. चौतीस हा नुसता पट्ट्याचा आकडा, कपाचं अक्षर ना आपण सांगत, ना विक्रेता विचारत. त्यातून स्पोर्ट्स ब्रा बऱ्याचदा एस-एम-एल मध्येच मिळते. हे माप दाबणाऱ्या घराण्याला कसंबसं चालतं, कपवाल्या घराण्याला नाही. ज्या बाईचा बांधा बारीक आणि छाती भरलेली, तिने एम घेतली तर पट्टा सैल आणि एस घेतली तर श्वास अडकतो. अशा वेळी मापं अक्षरासकट देणारी कंपनी शोधावी, भले दोनशे रुपये जास्त पडोत.

पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये १० जुलै १९९९ रोजी महिला फुटबॉलच्या विश्वचषकाच्या चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेनने शेवटची पेनल्टी मारली, शर्ट काढला आणि काळ्या स्पोर्ट्स ब्रामध्ये गुडघ्यांवर बसली. नव्वद हजार प्रेक्षक होते. अश्लील की नाही यावर अमेरिकेत पुष्कळ चर्वितचर्वण झालं. लिसाच्या कागदावरचा शेवटचा मुद्दा बावीस वर्षांनी साऱ्या जगासमोर आला होता. २०२२ मध्ये वेम्बलीवर महिलांच्या युरो फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या क्लोई केलीने जर्मनीविरुद्ध गोल करून तेच केलं. तिला पिवळं कार्ड मिळालं, कारण शर्ट काढणं हा तोवर सर्वांनाच लागू असलेला गुन्हा झाला होता. समतेची अशीही एक पायरी असते.

आपल्याकडे हीच वस्तू गॅलरीतल्या दोरीवर टॉवेलखाली वाळते. याला माझा आक्षेप लाजेपेक्षा आरोग्यासाठी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने भिजलेलं कापड टॉवेलखाली अर्धवटच वाळतं आणि छातीखालच्या घडीत खाज, चट्टे, बुरशी सुरू होते. जाड सुती ब्राही याच कारणासाठी पळायला नको. ती घाम धरून ठेवते. पळून आल्यावर लगेच धुवावी, पिळू नये, कडक उन्हात आणि ड्रायरमध्ये टाकू नये, कारण उष्णतेने इलॅस्टिक मरतं. रोज पळणारीने दोन-तीन आलटूनपालटून वापराव्यात. अधूनमधून पट्टा हाताने ताणून सोडावा. तो पहिल्या मापावर परत आला नाही, तर ती ब्रा घरात घालायला काढावी आणि पळायला नवी घ्यावी.