अजिंठ्यातील शिक्षणदृश्ये व भावनिक शिक्षण

अजिंठा (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) येथील बौद्ध लेण्यांतील अध्ययन-अध्यापनाची चित्रे व शिल्पे आणि त्यांतून सूचित होणारा भावनिक संस्कारांचा विचार. वाघूर नदीच्या नालाकृती दरीतील या लेण्यांपैकी बरीचशी लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक नृपती हरिषेण याच्या कारकीर्दीत कोरली गेली. विहार हे भिक्षूंचे निवासस्थान होते. तेथेच उपासना, पठण व उपदेश चालत असे.

हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविलेल्या लेणे क्र. १६ मध्ये बुद्धचरित्रातील प्रसंग रंगविले आहेत. त्यांत बाल सिद्धार्थ इतर मुलांसमवेत पाठशाळेत आणि पुढे धनुर्विद्येचा अभ्यास करताना दिसतो. लेणे क्र. १७ च्या ओसरीत भवचक्राचे चित्र आहे. असे चक्र विहाराच्या प्रवेशद्वारी काढावे व येणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी जाणता भिक्षू नेमावा, असा निर्देश दिव्यावदान या ग्रंथात आढळतो. पाहणे व ऐकणे ही येथे एकाच पाठाची दोन अंगे होत.

लेणे क्र. २ मधील हारीती व पांचिक यांचे शिल्प या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. इतरांची मुले भक्षण करणाऱ्या हारीतीचा धाकटा मुलगा बुद्धाने भिक्षापात्राखाली लपविला. पुत्रवियोगाने व्याकुळ झालेल्या तिला इतर मातांचे दुःख उमगले व ती बालकांची रक्षक बनली, अशी कथा आहे. याच शिल्पाच्या तळपट्टीवर एक शाळा कोरलेली आहे : छडी घेतलेला गुरू, त्याच्याजवळ अभ्यासात गढलेली मुले आणि मागे खेळात रमलेली मुले.

स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचा विवेकाने उपयोग करण्याच्या क्षमतेस पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या संकल्पनेच्या रूपाने शास्त्रीय मांडणी दिली. पाहून, ऐकून वा कृतीतून शिकण्याची प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र शैली असते व तदनुसार शिकविल्यास ही क्षमताही वाढते, असे मत शिक्षणक्षेत्रात मांडले जाते. तथापि शैलीशी जुळविलेल्या अध्यापनाने मुळात अध्ययनच सुधारते, यासही पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढला. याउलट जोसेफ डरलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय उपक्रमांचे एकत्रित विश्लेषण केले. भावनिक व सामाजिक कौशल्ये हेतुपूर्वक शिकविल्यास त्यांच्यात वाढ होते व अभ्यासातील प्रगतीही सुधारते, असे त्यात दिसून आले.

मुलांचे शैलीनुसार गट पाडण्यापेक्षा सर्वांना एकत्र चित्र, कथा व कृती यांची जोड देणे आणि भावनांविषयी उघडपणे बोलणे अधिक फलदायी ठरते, असे यावरून म्हणता येते. हारीतीस तिचा पाठ छडीने नव्हे, तर परदुःखाच्या प्रत्ययाने मिळाला. शाळेचे दृश्य नेमके तिच्या पायाशी असल्यामुळे शिक्षणाच्या इतिहासात या शिल्पास वेगळे महत्त्व आहे.