फोटो नक्की कुणाचा?

परवा भाचीच्या लग्नाचे फोटो आले, सोबत फोटोग्राफरच्या अटी: नेटवर टाकताना त्याचं नाव द्यायचं, कापाकापी करायची नाही. आत्या वैतागली. "पैसे आपले, तोंडं आपली, मग हा कोण?"

गंमत म्हणजे १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा बराचसा आत्याच्या बाजूचा आहे. कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा; वेगळा करार नसेल तर! ही इंग्रजांच्या १९११ च्या कायद्याची वाट. त्यांनी स्वतः १९८८ च्या कायद्यात ती सोडून हक्क फोटोग्राफरला दिला, आपण मात्र जुन्याच वाटेवर. अर्थात नाव लावण्याचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ फोटोग्राफरकडेच ठेवतं. आत्याला हे सांगितलेलं नाही.

आई-बाबांच्या लग्नात करारबिरार कुठला? मालकी त्यांची, पण निगेटिव्ह स्टुडिओच्या खोक्यात. कॉपी हवी तर परत तिथेच जा. पुढे स्टुडिओ बंद पडला, खोकंही गेलं. आजीचा हसतानाचा एकच फोटो उरलाय, पिवळा पडलेला. काल तो स्कॅन करून सगळ्यांना पाठवला. कडा कापून.