केसवानींची बाजू, केसवानींचे पुरावे

पर्यावरणाचा बातमीदार पक्षपाती आहे का, हा प्रश्न वर्गात निघाला की मी विद्यार्थ्यांना भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांचं उदाहरण देते. डिसेंबर १९८१ मध्ये तिथल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूची गळती होऊन एक कामगार दगावला. तो केसवानींचा मित्र होता. म्हणजे ते तटस्थ नव्हतेच. शिवाय ‘रपट’ हे त्यांचं साप्ताहिक अगदी छोटं. सनसनाटीचा आरोप सहज चिकटणार!

पण त्यांनी काम कसं केलं ते पाहा. कामगारांना गाठलं, रसायनांची माहिती वाचून काढली, कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये केलेल्या सुरक्षा-तपासणीचा अहवाल मिळवला. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘रपट’मधून शहराला इशारे दिले. त्याच वर्षी डिसेंबरात मध्य प्रदेशच्या विधानसभेत कामगारमंत्र्यांनी धोका नसल्याची ग्वाही दिली आणि कारखान्यातल्या २५ कोटींच्या गुंतवणुकीचा दाखला दिला. जून १९८४ मध्ये केसवानींनी ‘जनसत्ता’तून पुन्हा लिहिलं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्याच कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली.

दुर्घटना घडली म्हणून केसवानी विश्वासार्ह ठरले, असं मी मानत नाही. त्यांचे पुरावे १९८२ मध्येच कुणालाही तपासता आले असते. बाजू मंत्र्यांनाही होती. बातमीदाराची बाजू जरूर ओळखावी, पण तेवढ्यावर थांबू नये. त्याची कागदपत्रं उघडून वाचावीत. भोपाळमध्ये हे वेळेत झालं नाही, याचं दुःख मला आजही वाटतं.