गावाचे नाव आधी : वऱ्हाडातील संघनिष्ठेची घडण

बाळापूरला व्यावसायिक संघ नाही. अकोल्याला नाही, अमरावतीलाही नाही. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई आली, पुढे पुणे दोनदा येऊन गेले. २०१४ च्या प्रो कबड्डीतही यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोनच संघ आपल्या राज्यातले. तरीही मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या गावात मॅचच्या दिवशी स्कोर विचारल्याशिवाय कुणी पानाच्या टपरीवरून हलत नाही. आपला म्हणावा असा संघच नसताना ही आपुलकी येते कुठून आणि ती नेमकी कशाला चिकटते, हे तपासण्यासारखे आहे. माझ्या मते वऱ्हाडी प्रेक्षकाची निष्ठा दोन वाटांनी चालते. एक वाट गावाची, दुसरी बक्षिसाची. जर्सी, रंग, मालक या गोष्टी त्यानंतर येतात.

या दोन्ही वाटा क्रिकेटच्या आधीच्या आहेत. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी सुटण्याआधी भोंग्यावरून गावाचे नाव पुकारले जाते, मग मालकाचे, मग बैलांचे. तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटाला लांबलांबून माणसे येतात, आणि ओरडायचे कुणासाठी हे त्या पहिल्या शब्दावर ठरते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली. मधली सात वर्षे पट थांबले, पण जोड्यांची नावे लोकांच्या तोंडातून गेली नाहीत. कुस्तीच्या दंगलीतही तेच. पैलवानाची ओळख त्याच्या गावाने आणि तालमीने होते.

कबड्डीला इकडची जुनी माणसे अजून हुतूतू म्हणतात. या खेळाला वऱ्हाडाने दिलेले एक मोठे योगदान फारसे सांगितले जात नाही. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, आणि याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यात कबड्डी होती. ज्या खेळाचे संघ आज लिलावात बांधले जातात, तो जगासमोर मांडणाऱ्यांमध्ये अमरावतीची पोरे होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता दुसरी वाट, बक्षिसाची. हिवाळ्यात कापूस घरात आला की गावोगावी रात्रीचे कबड्डीचे खुले सामने आणि टेनिस बॉलचे क्रिकेट सामने सुरू होतात. असा एक सामना जवळून पाहा. चार बांबूंना बांधलेले हॅलोजन, चुन्याच्या रेषा, टेबलावर वही, वहीवाल्याशेजारी माईक. एका पोराने चढाईत तिघांना बाद केले. गर्दीतून एक हात वर येतो, हातातली नोट चार जणांच्या डोक्यावरून पुढे सरकते आणि टेबलावर पोचते. भोंगा बोलतो : अमुक भाऊंकडून या चढाईला ५१ रुपये रोख बक्षीस. खेळाडू येऊन नोट घेतो, देणाऱ्याच्या दिशेने हात जोडतो आणि पुन्हा रेषेवर जातो. या अर्ध्या मिनिटात देणारा नुसता प्रेक्षक राहत नाही. त्या चढाईत त्याचा वाटा पडतो, आणि तो वाटा अख्ख्या मैदानाला ऐकू जातो.

यातली खरी महत्त्वाची बाब अशी की हे बक्षीस पुष्कळदा विरुद्ध गावच्या पोरालाही मिळते. आपले गाव हरत असताना समोरच्याच्या पकडीवर खिसा मोकळा करणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणजे वऱ्हाडात गावाचा अभिमान आणि खेळाची कदर एकाच माणसात राहतात. संघनिष्ठेचा अभ्यास करताना समर्थक आणि विरोधक अशी सरळ फाळणी केली, तर आमच्याकडची अर्धी माणसे तिच्यात बसणार नाहीत.

गावोगावच्या सामन्यांत सगळ्यात जास्त भांडणे होतात ती ‘बाहेरच्या’ खेळाडूवरून. पैसे देऊन आणलेला फलंदाज गावाच्या नावाने खेळला की समोरचे कप्तान आयोजकांकडे धाव घेतात. म्हणूनच ‘एक गाव एक संघ’ या नावाचे सामने होतात आणि खेळाडूला आधार कार्ड दाखवावे लागते. व्यावसायिक खेळाचा मूळ प्रश्न तो हाच : पैसे घेऊन आलेला माणूस आपला होतो का, आणि होत असेल तर केव्हा? याचे उत्तर विदर्भाच्या रणजी संघाने दिले.

रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या मोसमांत आपल्या प्रदेशाचा संघ ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने उतरत असे. वऱ्हाड हा शब्द देशातल्या सर्वांत मोठ्या देशी स्पर्धेच्या धावफलकावर होता. पुढे राज्यांची फेरमांडणी झाली, आणि १९५७-५८ पासून विदर्भ खेळू लागला. त्यानंतरची दशके हरण्याचीच होती. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू म्हणजे कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा उमेश यादव, आणि त्यासाठी २०११ साल उजाडावे लागले. इतक्या लांबच्या अपयशात संघाला जीव लावणारी माणसे टिकली, त्याला विजय कारण नव्हते. पेपरात धावफलक उघडून आपल्या जिल्ह्यातला कोण आहे ते शोधणे, हीच त्यांची निष्ठा होती.

मग २०१७-१८ चा मोसम आला. उपांत्य फेरीत कोलकात्याला कर्नाटकावर फक्त ५ धावांनी विजय, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. फैज फझल कप्तान, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. अकोला जिल्ह्यासाठी मात्र त्या संघात आणखी एक नाव होते. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम दर्जाचे पदार्पण केले तेच थेट या अंतिम सामन्यात. ‘थो आपला पोट्टा व्हय,’ हे वाक्य त्या आठवड्यात मी बसस्टँडपासून शाळेच्या कट्ट्यापर्यंत किती ठिकाणी ऐकले, सांगता येणार नाही.

याच संघात वसीम जाफर होता, मुंबईचा. पुढच्या मोसमात त्याने १०३७ धावा केल्या आणि नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्याला इथे कुणी बाहेरचा म्हटल्याचे मला आठवत नाही. २०१७-१८ च्या त्याच अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध शतक ठोकणारा ध्रुव शोरी २०२३ मध्ये विदर्भाकडे आला. करुण नायर कर्नाटकातून आला, २०२४-२५ मध्ये ८६३ धावा करून परत गेला. गावाची वाट या तिघांना लागू होत नाही. बक्षिसाची होते. समोरच्याच्या पकडीला ५१ रुपये देणाऱ्या माणसाला जाफर स्वीकारणे जड गेले नाही, कारण त्याने खेळ आधी दाखवला आणि नाते नंतर मागितले.

फ्रँचायझी संघांचे इथले स्थान याच कसोटीवर समजते. २०१० मध्ये तेलंगणा आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्सचे काही घरचे सामने नागपूरजवळच्या जामठ्याला झाले. २०१६ मध्ये पंजाबच्या संघाने नागपूर दुसरे घर म्हणून निवडले, पण दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर गेले. दोन्ही वेळा मैदान आपले ठरले होते, संघ आपला झाला नाही. उलट अमरावतीच्या जितेश शर्माचे पाहा. २७ मे २०२५ रोजी त्याने बंगळुरूचा कप्तान म्हणून लखनऊविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. बंगळुरू कधीच न पाहिलेली वऱ्हाडी माणसे आठवडाभराने त्या संघाच्या करंडकासाठी जागी राहिली. त्याआधी तो पंजाबकडे होता, तेव्हा ती पंजाबची होती. अकोल्याचा अथर्व तायडे पंजाबहून हैदराबादला गेला, तशी इथली काही घरेही गेली. याला चंचलपणा म्हणणे चूक आहे. निष्ठा जागेवरच आहे, लिलावात हलतो तो संघ. अमरावतीच्या भारती फुलमाळीने २०१९ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळली आणि पुढे ती गुजरातच्या संघात गेली. तिच्यामुळे हे गणित मुलींच्या खेळालाही लागू होऊ लागले, याचा मला विशेष आनंद आहे.

एक उणीव मात्र खरी आहे आणि ती बोचते. विदर्भाचे घरचे रणजी सामने आता नागपूरला होतात, आणि बाळापूरहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालेला माणूस उपाहाराच्या सुमारास पोचतो. त्यामुळे ज्या भागातून खेळाडू येतात त्या भागाने आपला संघ पाहिला आहे तो मोबाइलच्या पडद्यावर. नोट हातोहात टेबलापर्यंत पोचवणाऱ्या प्रेक्षकाला देण्यासाठी मैदानच नसणे म्हणजे त्या परंपरेचा एक हात कापण्यासारखे आहे. अकोल्याला किंवा अमरावतीला वर्षाला एक रणजी सामना मिळाला, तर तिथे जी गर्दी जमेल ती हरलेल्या पाहुण्या गोलंदाजालाही दाद देईल, याची मला खात्री आहे.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस रणजीचा केरळविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला. अकोल्यातून वर आलेल्या गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले होते. तो १ धाव करून बाद झाला, विदर्भ ३ बाद २४. टपरीवर शांतता पसरली. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली, मालेवार १५३ वर गेला, आणि लोक सैलावले. केरळ ३४२ वर सर्वबाद झाले आणि पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी विदर्भाला करंडकापर्यंत घेऊन गेली. त्या रात्री टपरीवाल्याने कात लावता लावता एवढेच विचारले, ‘आपल्या दर्शननं किती घेतल्या बे?’ तीन, असे कुणीतरी सांगितले. त्याने मान हलवली आणि पुढचे पान उचलले.